वकिलाचे कर्तव्य आणि पक्षकाराचा अधिकार

झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांचे १८५३ मध्ये निधन झाले. ईस्ट इंडिया कंपनीने दत्तकविधान नामंजूर करून १८५४ मध्ये संस्थान खालसा केले. त्या वर्षी राणी लक्ष्मीबाईंनी जॉन लँग या बॅरिस्टरांना सल्ल्यासाठी झाशीस बोलाविले. दाद मागूनही राज्य परत मिळाले नाही. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. यशाची हमी कोणताच वकील देऊ शकत नाही. मात्र प्रामाणिक सल्ला व पुरेपूर प्रयत्न यांवर पक्षकाराचा हक्क असतो.

आज झाशीच्या सदर बाजारातील एखादा दुकानदार भाड्याच्या वादात वकीलपत्रावर सही करतो, तेव्हा तो आपली कागदपत्रे, पैसा आणि गुपितेही वकिलाच्या स्वाधीन करतो. या विश्वासाचा गैरवापर होऊ नये, म्हणून अधिवक्ता अधिनियम, १९६१ अन्वये भारतीय वकील परिषदेने (बार कौन्सिल) आचारनियम केले आहेत.

वकिलाची चार कर्तव्ये

हे नियम न्यायालय, पक्षकार, प्रतिपक्ष आणि व्यवसायबंधू यांच्याविषयीची कर्तव्ये सांगतात. न्यायाधीशांवर गैरमार्गाने प्रभाव टाकू नये. सबळ कारण व पुरेशी सूचना यांवाचून खटला मध्येच सोडू नये. पक्षकाराच्या पैशाचा चोख हिशेब ठेवावा. दाव्यात मिळणाऱ्या रकमेतील वाटा फी म्हणून ठरवू नये. कारण तसे केल्यास वकील स्वतःच त्या दाव्याचा भागीदार बनतो आणि त्याची तटस्थ बुद्धी ढळते. प्रतिपक्षाने वकील नेमला असेल, तर त्याच्याशी परस्पर बोलणी करू नयेत. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट उघड करू नये. या गुप्ततेला भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ यानेही संरक्षण दिले आहे.

फी थकली म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येतात काय? नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये हा प्रश्न निकाली काढला. फीसाठी वकील स्वतंत्रपणे दाद मागू शकतो. परंतु कागदांवाचून पक्षकाराचा खटलाच अडून राहील.

मुंबईचे एक उदाहरण

मुंबईच्या एस्प्लनेड न्यायालयात, म्हणजे लोकांच्या बोलीतील किल्ला कोर्टात, काही वकील दाराशी उभे राहून येणाऱ्या पक्षकारांकडे धाव घेत, त्यांच्या हातचे कागद ओढत आणि एकमेकांपेक्षा कमी फी सांगत, असा आरोप झाला. महाराष्ट्राच्या वकील परिषदेने त्यांच्यावर कारवाई केली. भारतीय वकील परिषदेच्या शिस्तपालन समितीने मात्र नियमाचा अर्थ संकुचित लावून त्यांना दोषमुक्त ठरविले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. वकिली हा व्यापार नव्हे आणि खटले म्हणजे विक्रीचा माल नव्हे, अशा आशयाचे मत न्यायालयाने १९७५ मध्ये नोंदविले. राज्य परिषद ही व्यवसायाच्या प्रतिष्ठेची रक्षक असल्याने तिलाही अपिलाचा अधिकार आहे, हेही त्याच वेळी स्पष्ट झाले.

तक्रार कोठे करावी?

ज्या राज्याच्या पटावर वकिलाचे नाव असेल, त्या राज्याच्या परिषदेकडे लेखी तक्रार करावी. उत्तर प्रदेशची परिषद प्रयागराज येथे, तर महाराष्ट्र व गोव्याची मुंबई येथे आहे. तक्रारीत तथ्य दिसल्यास ती तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीकडे जाते. वकिलाला आपली बाजू मांडण्याची संधी मिळते. त्यानंतर समिती तक्रार फेटाळू शकते, वकिलाला ताकीद देऊ शकते, काही काळ निलंबित करू शकते किंवा त्याचे नाव पटावरून काढू शकते. वर्षभरात निकाल न लागल्यास प्रकरण भारतीय परिषदेकडे जाते. राज्य समितीच्या निर्णयावर भारतीय परिषदेकडे, व तिच्या निर्णयावर सर्वोच्च न्यायालयात, साठ दिवसांत अपील करता येते.

खटला हरला, एवढ्यावरून वकील दोषी ठरत नाही. गैरवर्तन पुराव्याने सिद्ध करावे लागते. म्हणून दिलेल्या पैशाची पावती घ्यावी, कागदांच्या प्रती जवळ ठेवाव्यात आणि कोऱ्या कागदावर सही करू नये. सावध पक्षकार आणि सचोटीचा वकील यांच्यामुळेच न्यायावरील विश्वास टिकून राहतो.

पाठगत प्रश्न

१. दाव्याच्या रकमेतील वाटा फी म्हणून घेण्यास मनाई का आहे?
२. शिस्तपालन समिती कोणते निर्णय देऊ शकते?
३. तक्रार करण्यापूर्वी तुम्ही कोणते पुरावे गोळा कराल?