दहांतला एक : सिंगापूरच्या चिनी हॉटेलातील हलाल कोंबडी-भात आणि डिम सम

परदेशी गेलेल्या मुस्लिम व्यापाऱ्यापुढे दिवसातून दोनदा एकच प्रश्न उभा राहतो : जेवायचे कुठे? माल पाहणे, भाव ठरवणे, पैसे वळते करणे ही कामे दुभाषाच्या मदतीने होतात. ताटातल्या घासाची खात्री मात्र दुभाषा देऊ शकत नाही.

सिंगापुरात ही अडचण मोठी नाही असे वरवर वाटते. अरब स्ट्रीटच्या कापड दुकानांजवळ सुलतान मशीद आहे आणि तिच्या आसपास बिर्याणी व मुर्तबक देणारी मुस्लिम हॉटेले आहेत. पण त्या देशात दर चार माणसांत सुमारे तीन चिनी आहेत. घाऊक व्यापारात गाठ पडते ती बहुधा त्यांच्याशी, आणि चिनी व्यापारी पाहुण्याला जेवू घातल्याशिवाय सोडत नाही. त्या टेबलावर ‘मी फक्त चहा घेतो’ म्हणणाऱ्याचा कोणी राग धरत नाही. पण असा माणूस जेवणातून जसा बाजूला पडतो तसा बोलण्यातूनही थोडा बाजूला पडतो.

पाटी खरी, समजूत चुकीची

पहिल्या फेरीत मी एका चिनी खानावळीत शिरलो तो बाहेरची पाटी वाचून. ‘डुकराचे मांस नाही, डुकराची चरबी नाही’ असे तिच्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिले होते. निम्मा भात संपल्यावर मनात शंका आली म्हणून मालकाला विचारले. त्याने काही लपवले नाही. कोंबडीला तांदळाची दारू चोळतो आणि कोंबडी जिथे स्वस्त मिळेल तिथून आणतो, असे त्याने सरळ सांगितले. मी ताट सारून उठलो. त्याला दोष देता येत नव्हता. पाटीवर लिहिले होते ते खरे होते. जे लिहिले नव्हते ते मी मनाने वाचले होते.

अशा पाट्या तिथे जागोजागी दिसतात. आपल्यासारख्या नवख्या माणसाने एवढे ध्यानात ठेवावे की ती पाटी म्हणजे हलालचा दाखला नव्हे. दाखला देते ती सिंगापूरची इस्लामी धार्मिक परिषद. लोक तिला ‘मुइस’ म्हणतात. मुस्लिम कायद्याच्या अंमलबजावणीसाठी केलेल्या अधिनियमाखाली ही परिषद १९६८ साली स्थापन झाली आणि १९७८ पासून ती हलाल दाखल्याचे काम पाहते. तिचा दाखला दुकानात दर्शनी जागी लावलेला असतो. तो वाचावा, मुदत पाहावी आणि मगच बसावे.

दुसऱ्या दिवशी एका तमिळ मुस्लिम व्यापारी मित्राने असा दाखला असलेल्या चिनी हॉटेलात नेले. गोल टेबलाभोवती आम्ही दहा जण होतो. सात चिनी, एक मलायी, आम्ही दोघे. मध्यभागी फिरते तबक आणि त्यावर सगळ्यांसाठी एकच जेवण. कोणासाठी वेगळी बशी नव्हती आणि कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही.

एका कोंबडीतून सारे

या जेवणाचा मुख्य पदार्थ म्हणजे हैनानी कोंबडी-भात. हैनान हे चीनच्या दक्षिणेचे बेट. तिथले लोक सिंगापूर-मलायात इतर चिन्यांच्या मानाने उशिरा आले. व्यापाराच्या मोक्याच्या जागा आधीच इतरांनी धरल्या होत्या. म्हणून हैनानी माणसे इंग्रज साहेबांच्या घरी, हॉटेलांत आणि जहाजांवर स्वयंपाकी म्हणून राहिली. पुढे त्यांच्यातील अनेकांनी स्वतःच्या खानावळी काढल्या आणि गावाकडचा हा पदार्थ विकायला घेतला. आज तो सिंगापूरचा राष्ट्रीय पदार्थ मानला जातो. याच हैनानच्या सान्या शहराजवळ चाम वंशाच्या मुसलमानांची जुनी वस्ती आहे, हेही वाचकांना ठाऊक असावे.

करण्याची रीत धंद्याच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. अख्खी कोंबडी आले आणि कांद्याच्या पातीबरोबर पाण्यात शिजवतात, पण पाण्याला खळखळून उकळी येऊ देत नाहीत. शिजली की ती बर्फाच्या पाण्यात बुडवतात. त्यामुळे कातडी घट्ट होते आणि मांस रसाळ राहते. कोंबडीची चरबी वितळवून तिच्यात आले-लसूण परततात, त्यात तांदूळ परततात आणि तो भात कोंबडीच्याच रश्शात शिजवतात. वासासाठी पांदानचे पान घालतात. कोकणात भातात घालायला परसात जे सुगंधी पान लावतात त्याच जातीचे. उरलेला रस्सा वाटीतून सूप म्हणून येतो. सोबत लाल मिरची-लिंबाची चटणी, आल्याची चटणी, घट्ट काळा सोया सॉस आणि काकडीचे काप. मांस, चरबी, रस्सा यांतले काहीच वाया जात नाही. पदार्थ स्वस्त विकूनही परवडतो तो यामुळे.

मात्र सगळे एकाच कोंबडीवर अवलंबून असल्याने कोंबडी अडली की धंदा अडतो. १ जून २०२२ पासून मलेशियाने कोंबडीची निर्यात काही महिने थांबवली. सिंगापूरला लागणाऱ्या कोंबड्यांपैकी सुमारे एक तृतीयांश तिथून येत होत्या. ताज्या कोंबडीवर चालणाऱ्या दुकानांना गोठवलेला माल घ्यावा लागला, काहींनी भाव वाढवले. हलाल दाखला असलेल्याची अडचण दुहेरी होती. स्वस्त मिळेल तो माल त्याला चालत नाही. नव्या मालाचाही हलाल पुरावा दाखवावा लागतो.

टोपलीच्या आत काय आहे?

डिम सम हा कँटनच्या चहाघरांतून आलेला प्रकार. चहाबरोबर खायचे छोटे छोटे पदार्थ, बांबूच्या गोल टोपल्यांत वाफवलेले, एका टोपलीत तीन-चार नग. कारागीर वाचकांना यातली हातोटी आवडेल. ‘हार गाव’ या कोळंबीच्या पुरचुंडीची पारी गव्हाच्या सत्त्वाची असते. ती इतकी पातळ करतात की आतली कोळंबी बाहेरून दिसते. उकडीच्या मोदकासारख्या बारीक चुण्या घालून ती मिटतात. चुण्या जितक्या जास्त आणि सारख्या, तितका कारागीर जाणता. उचलताना पारी फाटली की मोल गेले.

पण मुस्लिम गिऱ्हाइकाच्या दृष्टीने सर्वांत अवघड पदार्थही हाच. कोंबडी-भात ताटात उघडा दिसतो. डिम समचे सारण झाकलेले असते. मूळ रीतीप्रमाणे ‘शिउ माय’मध्ये डुकराचे मांस आणि कोळंबी असते, ‘चार सिउ बाव’ या पांढऱ्या पावात भाजलेले डुकराचे मांस असते. पावाच्या पिठात आणि अंड्याच्या टार्टच्या पापुद्र्यात डुकराची चरबी घालण्याची जुनी चाल आहे. सारणाला तांदळाची दारू लावतात. म्हणजे मांस बदलले तरी पीठ, चरबी आणि मसाला यांचा प्रश्न उरतोच.

हलाल स्वयंपाकघरात हे सर्व मुळापासून बदलावे लागते. डुकराच्या जागी जबह केलेली कोंबडी आणि कोळंबी, चरबीच्या जागी वनस्पती तेल, दारूच्या जागी आले, तिळाचे तेल आणि कोंबडीचा अर्क. आमच्या टेबलावरचा कोंबडीचा शिउ माय खाऊन शेजारचा वयस्क चिनी व्यापारी म्हणाला, घरी बायको करते तो वेगळा, पण हाही चांगला आहे. मला ती दाद पुरेशी वाटली.

एक खुलासा आवश्यक आहे. सिंगापूरचे मलायी मुसलमान शाफई आहेत, आपल्या कोकणी बांधवांसारखे. शाफई मताप्रमाणे समुद्रातील जीव हलाल आहेत, त्यामुळे दाखला असलेल्या हॉटेलात खेकडे आणि शिंपल्याही मिळतात. हनफी मतात हे दोन्ही वर्ज्य आहेत आणि कोळंबीबद्दल उलेमांत मतभेद आहे. हनफी वाचकांनी दाखला पाहिल्यावरही सारण विचारून घ्यावे.

दाखल्याची किंमत

दाखला अर्ज करून घरी येत नाही. प्रत्येक कच्च्या मालाची यादी, तो कोणाकडून घेतला याची कागदपत्रे आणि मांसाचे हलाल प्रमाणपत्र द्यावे लागते. कामावर मुस्लिम माणसे असावी लागतात. दारू विकता येत नाही. बिगर-हलाल माल त्याच जागेत ठेवता येत नाही. जागेत पूर्वी डुकराचे मांस शिजत असेल तर शाफई रीतीप्रमाणे भांडी व जागा सात वेळा धुवावी लागते, त्यांपैकी एकदा माती कालवलेल्या पाण्याने. तपासनीस न सांगता येतात. दाखल्याविना हलालची खूण वापरणे हा गुन्हा आहे. त्याला दहा हजार सिंगापूर डॉलरपर्यंत दंड, बारा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

कच्च्या मालाची इतकी चौकशी कशाला, असे कोणाला वाटेल. इंडोनेशियात २००१ च्या आरंभी अजिनोमोटोचा माल बाजारातून परत घ्यावा लागला. पुडीत डुकराचे काही नव्हते, पण तो बनवताना जिवाणू वाढवण्याच्या कामी डुकरापासून काढलेला एक पदार्थ वापरला होता. सगळ्या देशाच्या स्वयंपाकघरांत ती पुडी पोचली होती.

मग बिगर-मुस्लिम चिनी मालक हा खटाटोप का करतो? दारूवरचा नफा सोडायचा, जुन्या गिऱ्हाइकांची आवडती चव सोडायची, वर फी भरायची. तो पुण्यासाठी करत नाही, हिशेब मांडून करतो. सिंगापुरात साधारण सात माणसांत एक मुस्लिम आहे. दहा जण जेवायला निघाले तर नऊ जण कुठेही बसू शकतात. दहावा फक्त हलाल जागीच बसतो. म्हणून हॉटेल कोणते हे तो दहावा ठरवतो. कचेरीची मेजवानी असो की कारखान्याचे जेवण, मागणी देणारा आधी दाखला विचारतो. मालकाने एका माणसाची सोय केली आणि दहा जणांचे बिल मिळवले.

आपल्या घरचा हिशेब

हे सर्व पाहून परतलो आणि घरी वेगळीच गोष्ट ऐकली. माझ्या भाच्याने वर्षभरापूर्वी चायनीज हॉटेल काढले आहे. मंचुरियन, हक्का नूडल्स, ट्रिपल राइस. मंचुरियन हा पदार्थ चीनचा नव्हे, मुंबईचा आहे, हे वाचक जाणतातच. एके रात्री बाहेरगावचे एक मुस्लिम कुटुंब आले. वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, “बेटा, कोंबडी कुठून आणता? या सॉसमध्ये काय काय आहे?” भाचा म्हणाला, “चाचा, आपलेच हॉटेल आहे, निश्चिंत जेवा.” त्यांनी पुन्हा विचारले. त्याला कोंबडीवाल्याचे बिल सापडेना आणि बाटलीवरची अक्षरे त्याने कधी वाचली नव्हती. ते कुटुंब उठून गेले. भाचा मला म्हणाला, “मामू, आपल्याच माणसाने आपल्यावर शक घेतला.”

मी त्याला म्हटले, शक नाही घेतला, सवाल केला. ज्याच्याकडे उत्तर नव्हते तो तू.

आपल्याकडे हॉटेलांना हलालचा सरकारी दाखला देणारी यंत्रणा नाही, खासगी संस्था दाखले देतात. तो घेणे प्रत्येकाला परवडेल असे नाही. पण ज्याला पैसा लागत नाही तेवढे तरी करावे. कोंबडी एकाच भरवशाच्या ठिकाणाहून घ्यावी, जबह स्वतः जाऊन पाहावी आणि रोजचे बिल फाइलला लावावे. सॉसच्या प्रत्येक बाटलीवरचे घटक वाचावेत आणि शंका असेल तो घटक मुफ्तीसाहेबांना दाखवावा. ऑयस्टर सॉससारखी वस्तू हनफी गिऱ्हाइकाला न सांगता वाढू नये. आणि गल्ल्यावर बसणाऱ्या पोराला हे सर्व तोंडपाठ असावे. दारावर आपले नाव आहे एवढ्याने गिऱ्हाइकाचे समाधान व्हावे ही अपेक्षा, आणि ‘चरबी नाही’ ही पाटी, यांत फारसा फरक नाही. दोन्ही ठिकाणी गिऱ्हाईक न लिहिलेले वाचून बसते.

भाच्याने आता गल्ल्यामागे एक फाइल टांगली आहे. पहिल्या महिन्यात ती दोघांनीच मागितली. दोघेही जेवून गेले. त्यांतला एक पुढच्या जुम्म्याला आठ माणसे घेऊन आला, आणि त्यांतले पाच जण मुस्लिम नव्हते.