मसुदा वाचणारे सोबती

१९५५च्या श्रमिक पत्रकार कायद्याने वृत्तपत्रांतील नोकरदार पत्रकारांना वेतन मंडळाचा आधार दिला. मुक्त लेखक त्याबाहेरच राहिले. पुढे संकेतस्थळे आली, शब्दागणिक मानधन आले आणि मजकूर तपासणारा उपसंपादक दिसेनासा झाला. म्हणून रांची, गुवाहाटी व दिल्लीतील आम्ही चौघे लेख धाडण्यापूर्वी एकमेकांचे मसुदे वाचतो. पाणीटंचाईवरील माझा लेख वाचून रांचीच्या मैत्रिणीने विचारले, ‘हे हातपंप तुम्ही स्वतः पाहिलेत, की अहवालातून उचललेत?’ उचलले होते. राग आला, खरे सांगतो. तरीही त्या गावी गेलो. दोन हातपंप गंजून पडले होते. लेख निम्मा उरला, मानधनही निम्मेच मिळाले. प्रवासखर्च त्याहून अधिक. पुढचा मसुदा काल रात्री तिच्याकडेच पाठवला आहे.