आधी ऊब कुत्र्यांना

पुण्यात ‘फरासखाना’ म्हटलं की रिक्षावाला थेट पोलीस ठाण्यापाशी नेऊन सोडतो. तिथे कधीकाळी पेशव्यांचे तंबू आणि जाजमं ठेवली जात, हे त्याला ठाऊक असायचं कारण नाही. खाना गेला, नाव उरलं. आपल्या अठरा कारखान्यांच्या यादीत फीलखाना, उष्ट्रखाना यांच्या जोडीला शिकारखानाही होता. इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत असाच एक खाना नावापुरता उरला आहे. नकाशात एखाद्या मोठ्या वाड्याच्या आसपास बारीक अक्षरांत ‘केनेल्स’, म्हणजे कुत्रेखाना, असं लिहिलेलं सापडतं. जाऊन पाहावं तर कुठे शेत, कुठे कुणाचं राहतं घर. दक्षिण लंडनमध्ये तर ‘डॉग केनेल हिल’ हा भरवस्तीतला रस्ता आहे.

पण एक कुत्रेखाना नावानिशी आणि भिंतींनिशी उभा आहे. ससेक्समध्ये चिचेस्टर शहराच्या उत्तरेला गुडवुड ही रिचमंडच्या ड्यूकांची इस्टेट. मोटारींचे शौकीन तिला ‘फेस्टिव्हल ऑफ स्पीड’मुळे ओळखतात, घोड्यांचे शौकीन शर्यतींमुळे. तिथे तिसरे ड्यूक चार्ल्स लेनॉक्स यांनी १७८७ साली आपल्या शिकारी कुत्र्यांसाठी घर बांधून घेतलं. वास्तुशिल्पी साधासुधा नव्हता. जेम्स वायट हा त्या काळचा इंग्लंडमधला नावाजलेला माणूस, ड्यूकांच्या वाड्याचं कामही त्याच्याकडेच. त्याने सुमारे दीडशे फूट लांबीची, दोन्ही अंगांनी सारखी, चकमकीच्या दगडाची आणि विटांची इमारत उभी केली, तीही वाड्यापासून हाकेच्या अंतरावर. लांबून पाहणाऱ्याला एखाद्या जहागीरदाराचं टुमदार घर वाटावं.

खरी चैन आत होती. कुत्र्यांच्या खोल्या जाळाच्या उबेने तापवण्याची सोय वायटने बांधकामातच करून ठेवली. माणसं राहत त्या वाड्याला अशी सोय व्हायला पुढे सुमारे शंभर वर्षं लागली, असं गुडवुडमध्ये आजही मिटक्या मारत सांगतात. ऐकणारा हसतो आणि इंग्रजांच्या श्वानप्रेमावर शेरा मारून मोकळा होतो. पण त्या उबेमागे लाडापेक्षा हिशेब जास्त होता.

कोल्ह्यामागे धावणारा हाउंड दिवसाला वीस-तीस मैल तुडवतो, ओढ्यांतून जातो, चिखलाने माखतो आणि अंधार पडल्यावर ओलाचिंब परततो. रात्री ओलसर जागेत निजला की सकाळी त्याचे सांधे धरतात. इंग्रज शिकाऱ्यांच्या बोलीत या दुखण्याला ‘केनेलचं लंगडेपण’ असंच नाव होतं आणि त्याचा दोष कुत्र्याला नव्हे, जागेला दिला जाई. डॉर्सेटचे जमीनदार पीटर बेकफर्ड यांनी १७८१ साली शिकारीवर पत्ररूप पुस्तक लिहिलं. त्यात कुत्रेखाना कसा बांधावा याची चर्चा एखाद्या इस्पितळाच्या आराखड्यासारखी आहे. निजायच्या खोल्या दोन हव्यात, म्हणजे एक धुऊन वाळेपर्यंत दुसरी वापरता येईल. फरशी विटांची हवी, दोन्ही बाजूंनी मध्याकडे उतरती, आणि मधोमध पन्हळ. खोलीत कोरडेपणा हवा, अंगणात वाहतं पाणी हवं. गावातल्या मजुराच्या झोपडीबद्दल इतका विचार तेव्हा क्वचितच कुणी केला असेल.

जेवणाची वेळ हा या घरातला सगळ्यात पाहण्यासारखा प्रसंग. मोठ्या तांब्याच्या हंड्यात ओटचं भरड पीठ शिजवून त्याची घट्ट लापशी करायची, ती थंड होऊ द्यायची, मग त्यात मेलेल्या घोड्याचं उकडलेलं मांस आणि रस्सा कालवायचा. जेवणखोलीचं दार किलकिलं करून हंट्समन, म्हणजे शिकारीत कुत्र्यांना हाकणारा माणूस, उभा राही आणि एकेकाला नावाने हाक मारी. बाहेर पंचवीस कुत्री. त्यांच्या हिशेबात साडेबारा जोड्या, कारण हाउंड नेहमी जोडीनेच मोजतात. ज्याचं नाव घेतलं त्यानेच आत यायचं, बाकीच्यांनी लाळ गाळत थांबायचं. लाजऱ्याबुजऱ्या, खंगलेल्या कुत्र्यांना आधी बोलावणं, हावऱ्यांना शेवटी. पंगतीत कुणाला किती वाढायचं हे जाणणाऱ्या वाढप्यासारखंच हे काम. भर शिकारीत, मैलभर अंतरावरून, नाव घेताच कुत्रा वळतो त्याची शाळा इथे, या दाराशी भरत असे.

एवढा खटाटोप करावा इतकं या शिकारीचं वेड जुनं होतं. गुडवुडच्या टेकड्यांपलीकडे चार्ल्टन नावाचं खेडं आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिथली शिकार साऱ्या इंग्लंडात गाजलेली. दुसऱ्या ड्यूकांनी तर मुक्कामासाठी तिथे ‘फॉक्स हॉल’ नावाची छोटेखानी, देखणी इमारतच बांधली. त्यांच्या अमदानीत एका २६ जानेवारीला सकाळी पावणेआठला सुरू झालेला पाठलाग संध्याकाळी सहाच्या सुमारास, दहा तासांनी संपला. घराण्यात त्याची कथा पुराणासारखी सांगितली जाते. हीच शिकार पुढे चार्ल्टनहून गुडवुडला आली आणि वायटच्या इमारतीत मुक्कामी राहिली. पुढे साहेब मुंबई-पुण्यालाही विलायती हाउंड घेऊन आला. इथे मात्र त्याने पाठ धरली ती आपल्या कोल्ह्याची, इंग्रजीतल्या ‘जॅकल’ची. इंग्रजांचा ‘फॉक्स’ म्हणजे आपलं खोकड, हा बारकावा कुत्र्यांना शिकवायची गरज पडली नाही.

या ऐश्वर्याला पैसा पुरवला कुणी? पहिले ड्यूक हे राजा दुसरा चार्ल्स याचे अनौरस पुत्र. बापाने लेकाला तोडून दिलेल्या उत्पन्नात एक विलक्षण बाब होती. टाइन नदीवरून देशात ठिकठिकाणी जाणाऱ्या दगडी कोळशावर दर मापामागे एक शिलिंग ड्यूकांना मिळे. ‘रिचमंड शिलिंग’ म्हणून लोक त्याच्या नावाने बोटं मोडत. सरकारने १७९९ मध्ये वर्षाला १९,००० पौंडांच्या बदल्यात हा हक्क सोडवून घेतला. म्हणजे कुत्रेखाना बांधला तेव्हा तो वसूल होतच होता. लंडनची एखादी विधवा थंडीत शेगडी पेटवी, तेव्हा तिच्या कोळशातला वाटा गुडवुडला पोचे. कुत्र्यांच्या खोल्या उगाच उबदार नव्हत्या.

नियतीचा फेरा असा की चौथे ड्यूक १८१९ साली कॅनडात गव्हर्नर जनरल असताना रेबीजने गेले. चावला होता तो कुत्रा नव्हे, पाळलेला कोल्हा, असं सांगतात. इंग्लंड-वेल्समध्ये २००५ पासून कुत्र्यांकडून कोल्ह्याची शिकार कायद्याने बंद आहे. गुडवुडचा कुत्रेखाना आता गोल्फ खेळणाऱ्यांचं क्लबहाउस झाला आहे. जिथे हंट्समन नावं पुकारी, तिथे आता माणसं टेबल राखून जेवतात.

सगळ्याच कुत्रेखान्यांच्या नशिबी वायट नव्हता. पीटरबरोजवळच्या मिल्टनला कुत्रेखाना अठराव्या शतकात मुद्दाम मध्ययुगीन पडक्या गढीसारखा बांधला. कुत्री राहायची नव्या भग्नावशेषात. बहुतेक ठिकाणी मात्र साध्या विटांच्या पडव्या असत, त्या खरोखरच पडल्या. मग काम उरतं ते जमीन वाचणाऱ्यांचं. हंड्याखालचा जळका चौथरा, धुराड्यातली काजळी, लोखंडी गजांची भोकं असलेला दगड, कुत्र्यांनी टोकं कुरतडलेली घोड्याची हाडं, एवढ्यावरून ते घर पुन्हा उभं करायचं.

पण खणायचं कुठे, हे सांगतो जुना नकाशा, आणि इथे पुन्हा तिसरे ड्यूक भेटतात. फ्रेंच उतरले तर, या धास्तीने दक्षिण किनाऱ्याचे अचूक नकाशे हवे होते. तोफखाना आणि दारूगोळा खात्याचे प्रमुख असलेल्या ड्यूकांनी १७९१ साली जेसी रॅम्सडेन या कारागिराकडून थिओडोलाइट हे मोजणीचं यंत्र घेतलं. ब्रिटनच्या ‘ऑर्डनन्स सर्व्हे’ या नकाशाखात्याचा जन्म त्या खरेदीपासून मोजतात. पुढे त्या खात्याच्या मोजणीदारांनी घरं, विहिरी, गोठे टिपता टिपता कुत्र्यांची घरंही टिपली. आज कुणी ती बारीक अक्षरं पाहून शेतात उतरतो, हातभर माती काढतो. खाली विटांची फरशी लागते. ती दोन्ही बाजूंनी मध्याकडे उतरलेली असली आणि मधोमध पन्हळ निघाली, की तो ओळखतो: इथे कुत्री कोरड्यात निजत होती.