स्वयंसेवक विद्यार्थी आणि नवे शहर

शहर पाहणे आणि शहर ओळखणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पाहण्यास एक रविवार आणि दोन धडधाकट पाय पुरतात. ओळखण्यास मात्र त्या शहरात काहीतरी काम असावे लागते, आणि तेही असे की, ज्यासाठी परक्यांच्या दारावर थाप मारावी लागेल. शिक्षणाकरिता जळगावी किंवा धुळ्यास प्रथमच येणाऱ्या विद्यार्थ्याला असे काम मिळण्याची एक सरळ वाट आहे. तिचे नाव राष्ट्रीय सेवा योजना. कॉलेजच्या फलकावर हे नाव सर्वांनीच वाचलेले असते. पण त्यात नेमके काय असते, हे घरच्या वडील मंडळींस बहुधा ठाऊक नसते. चिरंजीव रविवारी खांद्यावर फावडे टाकून बाहेर पडले, की ‘याकरिताच का कॉलेजात घातले?’ असा प्रश्न हटकून निघतो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यावयाचे तर थोडे मागे जावे लागते.

विद्यार्थ्याने सेवेच्या निमित्ताने परक्या वस्तीत शिरावे, ही कल्पना केवळ आपल्याकडची नव्हे. १८८४ साली लंडनच्या पूर्व भागातील दरिद्री वस्तीत सॅम्युअल बार्नेट नावाच्या धर्मोपदेशकाने व त्याच्या पत्नीने टॉयन्बी हॉल ही संस्था काढली. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील तरुणांनी तेथे मुक्कामास राहावे, शेजाऱ्यांना शिकवावे आणि त्यांच्याकडून शिकावे, असा तिचा हेतू. पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले ॲटली तरुणपणी काही काळ या संस्थेचे चिटणीस होते. आपल्याकडे हा विचार सरकारी दप्तरात आला तो स्वातंत्र्यानंतर. १९४८-४९ मध्ये डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने विद्यार्थ्यांच्या ऐच्छिक सेवेचा पुरस्कार केला. १९५९ साली चिंतामणराव देशमुखांच्या समितीने तीच सेवा सक्तीची आणि नऊ महिने ते एक वर्षाची असावी असे सुचविले. तर त्यानंतर प्रा. सय्यदैन यांनी निरनिराळ्या देशांतील तरुणांच्या सेवेचा अभ्यास करून ती खुषीचीच असावी, असा अभिप्राय दिला. या वादात वीस वर्षे गेली. अखेर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, त्या वेळचे शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत मिळून ४०,००० विद्यार्थ्यांनिशी ही योजना सुरू केली, आणि ती ऐच्छिक ठेवली. तिचे सारे बळ व साऱ्या उणिवा या एका शब्दात आहेत.

योजनेचा हिशेब सोपा आहे. विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास, म्हणजे वर्षाला १२० तास द्यावयाचे. त्यांपैकी सुमारे २० तास कामाची ओळख करून घेण्यात, ३० कॉलेजच्या आवारातील कामात आणि उरलेले ७० प्रत्यक्ष लोकांत. याखेरीज दत्तक घेतलेल्या गावी सात दिवसांचे शिबिर असते. साधारणपणे शंभर विद्यार्थ्यांचे एक पथक, आणि त्यावर देखरेखीस एक प्राध्यापक. छातीवरील बिल्ल्यावर कोणार्कच्या सूर्यरथाचे चाक आहे. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. ब्रीद ‘मी नव्हे, तुम्ही’ अशा अर्थाचे आहे. ७० तास ही काही मोठी रक्कम नव्हे. वर्षभरात सिनेमास जाणारे तास मोजले तर तेही कित्येकांचे याहून अधिक भरतील!

खानदेशातील मुलांचा संबंध येतो तो जळगावच्या विद्यापीठाशी. १५ ऑगस्ट १९९० रोजी पुणे विद्यापीठापासून वेगळे होऊन ते स्थापन झाले, आणि २०१८ साली त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. म्हणजे सातपुड्याच्या कुशीतील पावरा वा भिल्ल घरातून आलेला मुलगा, यावल-रावेरकडच्या केळीच्या बागायतदाराची मुलगी आणि धुळ्याच्या गल्लीत वाढलेला दुकानदाराचा मुलगा एकाच पथकात फावडे धरतात. ज्यांना घरून निघताना ‘शहरात जपून राहा’ असे बजावलेले असते, त्यांना शहर म्हणजे प्रथम भीतीचीच वस्तू वाटते.

ही दोन शहरे शेजारी असूनही घडणीने अगदी भिन्न आहेत. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर खानदेश इंग्रजांकडे गेला, आणि कॅप्टन ब्रिग्ज याने धुळे हे जिल्ह्याचे ठाणे केले. १८१९ साली त्याने नवी पेठ आखली. सरळ रस्ते, काटकोनात फुटणाऱ्या गल्ल्या. धुळ्यात गल्ल्यांना आजही क्रमांक आहेत, आणि धुळेकर ‘गल्ली नंबर चार’ असा पत्ता सहज सांगतो. नवख्यास याहून सोयीचे गाव नाही. जळगाव आखले गेले नाही, ते वाढले. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात मुंबईहून भुसावळकडे रेल्वे आली. त्याच सुमारास, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेतील यादवीमुळे खानदेशी कापसास सोन्याचा भाव आला, आणि स्टेशनाजवळचे हे गाव बाजारपेठ बनले. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, तेव्हा पूर्व भागाचे ठाणे जळगावास आले. धुळ्यास रेल्वे पोहोचली ती १९०० साली, चाळीसगावहून निघालेल्या ५६ किलोमीटरांच्या फाट्याने. २०११ च्या शिरगणतीत जळगाव शहराची वस्ती सुमारे ४ लक्ष ६० हजार, तर धुळ्याची सुमारे ३ लक्ष ७५ हजार भरली. जुने ठाणे मागे राहिले आणि रेल्वेचे गाव पुढे गेले.

नवा विद्यार्थी पहिल्या आठवड्यात जळगावचा सराफ बाजार, मेहरूणचा तलाव आणि जैन हिल्सवरील गांधीतीर्थ पाहतो. धुळ्यात असला तर पाच कंदील, एकविरा देवी आणि आग्रा रोडवरून दिसणारा लळिंगचा किल्ला. हे सर्व उत्तमच आहे. पण सिकलसेलच्या तपासणीची माहिती घेऊन तो वस्तीत शिरतो, तेव्हा ज्या गल्लीचे नाव कोणत्याही नकाशात ठळक नसते ती त्याला प्रथम दिसते. हा रक्ताचा आनुवंशिक विकार सातपुड्यातील आदिवासी समाजात आढळतो, आणि कामासाठी शहरात आलेल्या कुटुंबांबरोबर तो शहरातही येतो. आई व बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्यास तो आजार होण्याचा संभव चारात एक असतो. म्हणून लग्नापूर्वी तपासणी व्हावी असे सांगावयाचे असते. येथे विद्यार्थ्याची खरी परीक्षा आहे. त्याच्या वहीत कोणाचे नाव आले हे शेजारणीला कळले, तर एखाद्या मुलीचे ठरत आलेले लग्न मोडू शकते. वही मिटून ठेवणे हीही सेवाच होय, आणि श्रमदानापेक्षा ती अवघड आहे. अठरा वर्षांच्या मुलाच्या हाती एवढा विश्वास सोपवावयाचा, तर त्याच्या प्राध्यापकाने ते सुरुवातीचे २० तास भाषणांत घालविता कामा नयेत.

दुसरी अडचण भाषेची. पुस्तकी मराठीत विचारलेल्या प्रश्नास पुस्तकीच उत्तर मिळते. ‘आपल्या कुटुंबाचे मासिक उत्पन्न किती?’ असे विचारले की समोरची बाई पदर सावरून ‘ते मालकांना ठाऊक’ म्हणते आणि संभाषण संपते. धुळ्याकडे अहिराणी चालते, जिच्यात ‘आहे’च्या ठिकाणी ‘शे’ येते. जळगावच्या पूर्वेस यावल-रावेरच्या बाजूला लेवा गणबोली. आसोद्याच्या बहिणाबाईंनी आपली गाणी तिच्यातच रचली. ज्या मुलाला घरी अहिराणी बोलल्याबद्दल शाळेत हसे सोसावे लागले, त्याच्याच मागे वस्तीत शिरताना शहरी मुले उभी राहतात, कारण दार त्याच्यासाठी उघडते. कॉलेजच्या वर्गात हा चमत्कार क्वचितच घडतो.

सेवेच्या वाटेने परमुलूख आपलासा केल्याची जुनी साक्षही याच भूमीत आहे. कोकणातील पालगडचे साने गुरुजी तत्त्वज्ञान शिकण्यासाठी अमळनेरास आले. प्रताप शेठजींच्या आश्रयाने १९१६ साली निघालेले तत्त्वज्ञान मंदिर हे त्यांचे निमित्त. पण त्या मंदिरात त्यांचे मन रमले नाही. १९२४ ते १९३० ही वर्षे ते तेथील शाळेत शिकवीत राहिले आणि छात्रालयातील मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांच्या कपड्यांच्या घड्या घालणे अशी कामे न सांगता करीत राहिले. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन फैजपूर या खेड्यात भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन; अध्यक्ष पंडित नेहरू, आणि बांबूच्या कामट्यांनी मंडप व दरवाजे सजविणारे नंदलाल बोस. त्याच्या तयारीसाठी साने गुरुजी गावोगाव हिंडले. तोवर पालगडचा हा माणूस खानदेशचा झालेला होता. धुळ्याच्या तुरुंगात तर त्यांनी केलेली सेवा केवळ लेखणीची होती. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी विनोबांनी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने केली. ती अठरा प्रवचने गुरुजींनी उतरून घेतली नसती तर ‘गीता-प्रवचने’ हा ग्रंथ आपल्या हाती आला नसता. उतरून घेणारा बसला पाहिजे, हेही स्वयंसेवकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, १८९३ साली निघालेल्या सत्कार्योत्तेजक सभेने जमविलेले रामदासी वाङ्मय आहे. मातीत हात घालण्याची ज्यांना मुळीच हौस नाही, अशा विद्यार्थ्यांचे तास जुन्या कागदांच्या याद्या करण्यात का लागू नयेत, याचे उत्तर सापडत नाही.

योजनेत दोष नाहीत असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. जुलैत समारंभपूर्वक लावलेले रोप मेमध्ये कोण पाहतो? जळगावचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांवर जातो. पहिल्या दोन उन्हाळ्यांत पाणी घालणारा कोणी नसेल तर ते वृक्षारोपण नव्हे, छायाचित्रारोपण आहे. शिबिरातही असेच. सात दिवस मुले गावाचा रस्ता झाडतात, आठव्या दिवशी जातात. ग्रामस्थ पाहुण्यांना निरोप देतात आणि रस्ता पूर्ववत होतो. त्यात आता गुणांचा प्रश्न आहे. या सेवेबद्दल अनेक विद्यापीठांत पूर्वीपासून सवलतीचे गुण मिळत आले, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर तिला श्रेयांकही जोडले गेले आहेत. गुणांसाठी आलेला सेवक सेवकच नव्हे, असे काही कडक मंडळी म्हणतात. हा न्याय फार कठोर होतो. शिष्यवृत्तीसाठी अभ्यास करणाऱ्यालाही अखेर विद्याच येते. मात्र हजेरीपटावरील तास आणि वस्तीत घालविलेले तास यांत अंतर पडू लागले, तर त्याचा जाब विद्यार्थ्याला नव्हे, सही करणाऱ्याला विचारला पाहिजे.

चांगले शिबिर कसे असते, ते साक्री तालुक्यात पाहावे. पांझरेच्या खोऱ्यात फड नावाची पाणीवाटपाची पद्धत काही शतकांपासून चालत आली आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट. पाटाखालील जमिनीचे तीन-चार फड पाडावयाचे आणि एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे. पाणी देतो तो पाटकरी, राखण करतो तो जागल्या; दोघांचे वेतन गाव ठरविते, आणि पाण्याची चोरी झाली तर दंडही गावच करते. इंजिनिअरिंग कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले विश्वेश्वरय्या १८८४ च्या सुमारास याच जिल्ह्यात नोकरीस होते आणि दातर्ती येथे पांझरेच्या पाण्याकरिता नळाचा सायफन बांधण्याचे काम त्यांच्याकडे आले. नव्या मुलखातील तो त्यांचा पहिला मोठा धडा. त्याच तालुक्यात बारीपाडा हे आदिवासी गाव आहे. शिकून गावी परतलेले चैत्राम पवार यांनी ग्रामस्थांना जोडून तेथील उजाड झालेले जंगल राखले, वाढविले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या गावी फावडी घेऊन गेलेल्या विद्यार्थ्यांना प्रथम कळते ते हे की, गावाचे काम त्यांच्या जन्मापूर्वीच सुरू झाले आहे. मग ती मुले रानभाज्यांची नावे विचारू लागतात, आणि आजीबाई त्यांना कोणती कच्ची खावी, कोणती दोनदा उकडून पाणी टाकून खावी, ते सांगतात. रात्री चुलीवर वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी. यात सेवा कोणी कोणाची केली, याचा हिशेब २४० तासांच्या कोष्टकात मांडता येत नाही.

दुसऱ्या वर्षी त्याच विद्यार्थ्यावर नव्या मुलांना शहर दाखविण्याची पाळी येते. वसतिगृहातून तो त्यांना घेऊन निघतो. सराफ बाजार वाटेत लागतो, पण तेथे तो फारसा थांबत नाही. कोणत्या वस्तीत नळाला पाणी कोणत्या दिवशी येते, कोणत्या दवाखान्यात रक्ताची तपासणी फुकट होते, आणि कोणत्या दारावर ‘मावशी’ अशी हाक मारली की ते उघडते, हे तो चालता चालता सांगत असतो.