वसतिगृहात जाताना औषधांचा डबा

बारावीचा निकाल लागला की आपली मुलेमुली नागपूर, पुणे, नांदेडच्या वसतिगृहांत जायला निघतात. गादी, बादली, लोणच्याची बरणी सगळे आठवणीने दिले जाते. औषधांची आठवण होते ती पहिला ताप आल्यावर, रात्री अकराला, मेडिकल बंद झाल्यावर.

घट्ट झाकणाचा जुना प्लॅस्टिकचा डबाही चालेल. त्यात निर्जंतुक गॉजची पाकिटे, कागदी चिकटपट्टी, बँड-एड, क्रेप बँडेज, लहान कात्री, पोव्हिडोन आयोडीनचे मलम, डिजिटल थर्मामीटर आणि ओआरएसची चार पाकिटे ठेवा. जखम आधी नळाच्या वाहत्या पाण्याने धुवावी, मग गॉज लावावा. सुटा कापूस थेट ठेवला तर त्याचे तंतू चिकटतात. भाजले तर २० मिनिटे नळाखाली धरावे. टूथपेस्ट लावू नये. कुत्रा चावला तर जखम १५ मिनिटे साबणाने धुवावी आणि लस घ्यायला त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. तिथे डब्याचे काम नाही.

ओआरएसचे मोठे पाकीट अख्खे एक लिटर पाण्यात घालायचे असते. ग्लासभर पाण्यात अंदाजाने थोडी पूड टाकणे चुकीचे. केलेले पाणी २४ तासांनी फेकून द्यावे.

तापासाठी ५०० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉल पुरे. एका वेळी एक गोळी, मध्ये सहा तास, दिवसाला जास्तीत जास्त चार. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, तीही या हिशोबात धरायची. मुले नेमके इथेच चुकतात. पावसाळ्यातला ताप डेंग्यूचा असू शकतो. अशा वेळी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा ॲस्पिरिन घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून या गोळ्या डब्यात नकोतच. मागच्या आजारातल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्याही नकोत.

विदर्भातल्या आपल्या घरांना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. आपल्या समाजात सिकलसेल बराच आढळतो. मुलाला किंवा मुलीला हा आजार असेल तर तपासणीच्या कार्डाची झेरॉक्स डब्यात असलीच पाहिजे. अशा रुग्णाला ताप आला, छातीत दुखले किंवा दम लागला, तर गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नये. लगेच रुग्णालयात न्यावे. लाजेपोटी आजार लपवला जातो, आणि ऐन वेळी खोलीतल्या मित्रांना काय करावे ते कळत नाही. निदान एकाला तरी सांगून ठेवावे.

झाकणाच्या आत कागद चिकटवा: रक्तगट, कशाची ॲलर्जी आहे, रोजची औषधे, घरचा आणि रेक्टरचा नंबर, रुग्णवाहिकेसाठी १०८. रात्री झोप उडाली, मन फार बेचैन झाले तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येते. तोही लिहा.

दिवाळीच्या सुटीत डबा घरी मागवा, मुदत संपलेल्या गोळ्या काढा आणि काय संपले ते भरून द्या. बहुतेकदा बँड-एडच संपलेले असतात.