प्रकाश अधिक प्रकाश: अंधार

प्रकाशतंतूतून संदेश पाठवायला लेसर भराभर चालू-बंद करावा, असे वाटेल. पण त्याने लेसरची तरंगलांबीच किंचित ढळते आणि दूरच्या प्रवासात स्पंद पसरट होतात. म्हणून लेसर अखंड चालू ठेवून त्याचा प्रकाश लिथियम नायोबेटच्या स्फटिकात दोन वाटांनी नेतात. एका वाटेवर विद्युतदाब दिला, की तेथला अपवर्तनांक बदलतो. किती? 2 सेंटिमीटर लांबीत जेमतेम 0.00004! फळ्यावर गुणाकार करून पाहावा: 0.8 मायक्रोमीटर, म्हणजे 1.55 मायक्रोमीटर तरंगलांबीच्या सुमारे निम्मे. तरंगाची कला 180 अंशांनी सरकते, शिखरावर दरी येते आणि वाटा जुळतात तेथे अंधार होतो. विद्युतदाब काढला, की पुन्हा उजेड. हेच 0 आणि 1. मग प्रकाश गेला कुठे, हे मुले विचारणारच. तो नष्ट होत नाही. वाट सोडून स्फटिकात पसरून जातो.