मोरपंखी भोपळा दिसला की बेल वाजवा!

ऑक्टोबरच्या शेवटी ऑनसाइट असाल किंवा अमेरिकेत कुणाकडे मुक्कामाला असाल, तर केशरी भोपळ्यांच्या रांगेत मध्येच एखादा निळसर-हिरवा भोपळा दिसेल. तिकडे या रंगाला 'टील' म्हणतात, आपल्या साड्यांच्या दुकानात सरळ मोरपंखी! दारात हा भोपळा म्हणजे इथे चॉकलेटऐवजी स्टिकर, खडू, अंधारात चमकणारी बांगडी असलं काहीतरी मिळेल. फूड अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या आईने टेनेसीत २०१२ मध्ये काढलेली ही आयडिया २०१४ मध्ये 'फेअर' या संस्थेने देशभर नेली.

न्यू जर्सीतल्या माझ्या मावसबहिणीच्या सहा वर्षांच्या लेकाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. त्याला घरात कोंडून ठेवायचं नाही, हे ताईचं पक्कं. मात्र तो निघतो पोटभर जेवून, आणि घरी येईपर्यंत तोंडात काहीही टाकायचं नाही. मग पिशवी जमिनीवर उलटी! 'फन साइझ' गोळ्यांची खरी गोम इथे आहे. मोठं पाकीट चालतं म्हणून त्याच ब्रँडचं छोटं चालेलच असं नाही, कारण घटक किंवा कारखाना वेगळा असू शकतो. शिवाय छोट्या पाकिटावर बरेचदा पूर्ण लेबलच नसतं. लेबल नाही? बाद. बाद मालाच्या बदल्यात खेळणी मिळतात. तीन गोळ्यांना एक गाडी, हा भाव लेकानेच ठरवलाय.

अमेरिकेत पाकिटावर शेंगदाणे, दूध, अंडी वगैरे मुख्य अ‍ॅलर्जन्स लिहावेच लागतात. १ जानेवारी २०२३ पासून तीळसुद्धा. पण 'अंश असू शकतो' ही सूचना ऐच्छिक आहे. ती नाही म्हणजे धोका नाही, असं मुळीच नाही.

आणि आपला फराळ? २०२४ मध्ये नरक चतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशी, ३१ ऑक्टोबरला आले. चिवड्यात दाणे, बाकीचं तळण कदाचित त्याच तेलात, आणि शेजारच्या काकूंच्या डब्याला कुठलं आलंय लेबल! ''एवढ्याशाने काय होतंय गं?'' हे वाक्य मला कुठल्याही भुतापेक्षा भयंकर वाटतं. एवढ्याशानेच होतं.

स्पायडरमॅनच्या ड्रेसला खिसा नसतो, म्हणून एपिनेफ्रिनची दोन ऑटो-इंजेक्टर्स सोबतच्या मोठ्या माणसाकडे हवीत. श्वास लागला, घसा आवळला, अंगभर गांधी उठून उलट्या सुरू झाल्या, की वाट बघायची नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला इंजेक्शन, गरज पडली तर कपड्यावरूनच, आणि लगेच ९११ ला फोन. बरं वाटलं तरी हॉस्पिटल गाठायचंच. अ‍ॅलर्जीच्या नेहमीच्या गोळीने खाज थांबते, श्वास वाचत नाही.

ताईकडे जाणार असाल, तर बॅगेत चिक्की नको. स्टिकर न्या, डायनोसॉरचे. सध्या त्यांचा भाव पाच गोळ्या आहे!